अंगाला खाज सुटते, ती खाण्यामुळेच का?

“खाण्यातलं काही बाधत असेल का हो, डॉक्टर?” खाजेची तक्रार घेऊन आलेला माणूस हा प्रश्न विचारल्याशिवाय सहसा उठत नाही. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारपेठेला लागूनच धंतोली आणि रामदासपेठ आहे. तिथल्या दवाखान्यांत वर्धा, भंडारा, यवतमाळपासून पार छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. येण्याआधी बहुतेकांनी घरीच पथ्य सुरू केलेलं असतं. आधी वांगं बंद होतं. मग दही, लिंबू, चिंच. मग शेंगदाणे, अंडी, तूरडाळ. शेजारची कुणी संत्रीसुद्धा सोडायला सांगते. तीन-चार महिन्यांत ताटात भात, मुगाचं वरण आणि दुधीची भाजी उरते, आणि खाज होती तिथेच असते.

हे पथ्य निरुपद्रवी नाही. वाढत्या वयाच्या मुलाचं दूध, अंडं, डाळ एकाच वेळी काढून घेतली तर त्याचं वजन वाढायचं थांबतं. अंगावर पाजणाऱ्या आईचंही पोषण कमी पडतं. शिवाय खाजेचं खरं कारण तेवढे महिने उपचाराविना राहतं. म्हणून एखाद्या पदार्थावर आरोप करण्याआधी तो सिद्ध कसा करायचा, हे समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. त्यातलं बरंचसं काम घरी, वही-पेन घेऊन होतं.

१. शिजवलेला मासा

१९२१ साली ब्रेस्लाउ या तेव्हाच्या जर्मन शहरात कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर यांना शिजवलेला मासा चालत नसे. खाल्ला की खाज सुटे, अंगावर गांधी उठत. प्राउस्निट्झ यांना माशाने काहीच होत नसे. त्यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, स्वतःच्या पोटाच्या कातडीत थोडासा टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे लालसर, खाजरी गांध उठली. बाकीच्या अंगाला काहीही झालं नाही.

म्हणजे ॲलर्जी ही मनाची समजूत किंवा ‘उष्ण पडण्याचा’ प्रकार नव्हता. ती एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या कातडीत नेता येत होती. नेमकं काय नेलं गेलं, हे कळायला पुढे पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे ते प्रतिपिंड ओळखलं. त्याला आयजीई म्हणतात.

आपल्या कातडीखाली, तोंडात, आतड्यात आणि श्वासनलिकेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्या आत हिस्टामिन हे रसायन साठवलेलं असतं. एखाद्या माणसाचं शरीर हरभऱ्यातलं एखादं प्रथिन शत्रू समजून बसलं, तर त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई तयार होतं आणि या मास्ट पेशींवर जाऊन चिकटतं. पुढच्या वेळी हरभरा पोटात गेला की ते प्रथिन या आयजीईला येऊन भिडतं आणि पेशी आपलं हिस्टामिन बाहेर टाकते. हिस्टामिनने कातडीतल्या नसा चेतवल्या जातात, ती खाज. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून कातडी फुगते, ती गांध. लोक ज्याला अंगावर पित्त उठणं म्हणतात, ते हेच. पोटातल्या आम्लपित्ताशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे ॲसिडिटीची गोळी घेऊन ते बसत नाही.

या यंत्रणेतून दोन गोष्टी आपोआप निघतात, आणि पुढचा सगळा तपास त्यांच्यावर उभा आहे. एक, हे सगळं झटपट घडतं, कारण हिस्टामिन आधीच तयार असतं. दोन, ते पुन्हा पुन्हा घडतं, कारण आयजीई पेशीवर बसूनच असतं.

२. घड्याळ बघा

अन्नाच्या ॲलर्जीची खाज खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत सुरू होते. ओठ-तोंडाला खाज, अंगावर गांधी, ओठ किंवा पापण्या सुजणं, उलटी, पोटात कळ, यांपैकी काहीतरी बरोबर असतं. बहुतेक वेळा दिवसभरात सगळं ओसरतं. तोच पदार्थ साधारण तेवढाच पुन्हा खाल्ला की पुन्हा होतं.

या कसोटीवर बरेचसे संशय पहिल्याच दिवशी गळून पडतात. चार महिने रोज, दिवसरात्र खाज असेल, तर एक पदार्थ दोषी धरणं अवघड आहे. कारण कुठलाच पदार्थ चोवीस तास पोटात जात नाही. रात्री आठला जेवण आणि पहाटे तीनला खाज, हेही गणित बसत नाही. लहानपणापासून शेंगदाणे खाल्ले, परवाही खाल्ले आणि काही झालं नाही, तर आजच्या खाजेचा दोष शेंगदाण्याकडे सहसा जात नाही.

नियमाला अपवाद आहेत. गोचिडीच्या चाव्यानंतर काहींना मटण, बीफ यांतल्या एका साखरेची ॲलर्जी होते, आणि तिची लक्षणं तीन ते सहा तासांनी, कधी मध्यरात्री दिसतात. अमेरिकेत टॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने ही गोष्ट उलगडली. काहींना गव्हाची पोळी खाऊन बसून राहिलं तर काही होत नाही, पण खाऊन लगेच धावायला गेलं की अंगभर गांधी उठतात. दुखणं थांबवणाऱ्या गोळीमुळेही असाच प्रकार होऊ शकतो. इसब असलेल्या तान्ह्या मुलांमध्ये दूध-अंड्याचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसू शकतो. हे अपवाद लक्षात ठेवावेत, पण तपास मात्र नियमापासूनच सुरू करावा.

खाज आणि गांधींबरोबर आवाज घोगरा होणं, धाप लागणं, छातीत घरघर, चक्कर, वारंवार उलट्या यांतलं काही असेल, तर वही-पेन बाजूला ठेवायचं. ही जिवावरची ॲलर्जी असते. तिचं औषध ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, आणि ते मांडीच्या स्नायूत द्यायचं असतं. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावं, पण उभं करून चालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा सर्वांत जवळच्या रुग्णालयात न्यावं.

३. तर्री, बेसन आणि हरभरा

आता आपल्या ताटाकडे येऊ. ॲलर्जीवरची बहुतेक पुस्तकं पाश्चात्त्य देशांत लिहिली गेली, म्हणून त्यांत शेंगदाणा, अक्रोड, कोळंबी यांचीच चर्चा असते. मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट या संशोधकांनी २००१ साली वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधलं. भारतीय उपखंडात हरभरा हा ॲलर्जीचा एक महत्त्वाचा पदार्थ आहे, हे त्यांनी रुग्णांना प्रत्यक्ष हरभरा देऊन, कुणाला काय दिलं हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळू न देता पडताळलं.

नागपूरकरांसाठी ही माहिती खास मोलाची आहे. सीताबर्डीवर सकाळी पोह्यांच्या गाडीशी उभे राहा. कागदी प्लेटमध्ये पिवळे पोहे पडतात. त्यावर पातेल्यातून लाल तवंगाची तर्री ओतली जाते, आणि त्या तर्रीत शिजलेले काळे हरभरे असतात. वरून बारीक शेव टाकली जाते, ती बेसनाची. शेजारी कढईत आलूबोंडा तळला जातो, त्याचं आवरण बेसनाचं. घरी दुपारी गोळाभात केला, तर गोळे हरभऱ्याच्या डाळीचे. रात्री पाटोडी रस्सा, म्हणजे पुन्हा बेसन. कढीला दाटपणा आणायला बेसन, सांभारवडीच्या पारीत बेसन, संध्याकाळी चघळायला फुटाणे. ज्याला खरोखर हरभऱ्याची ॲलर्जी आहे, त्याला वाटेल की आपल्याला पोहे, बोंडे, कढी, वडी असं निरनिराळं दहा गोष्टींचं होतं. प्रत्यक्षात त्या सगळ्यांत एकच धान्य असतं. म्हणून खाजेची नोंद करताना पदार्थाचं नाव लिहून भागत नाही, त्यात काय काय घातलं तेही लिहावं लागतं.

पाकिटावरच्या सूचनेवरही इथे विसंबता येत नाही. भारतात २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, शेंगदाणा, कठीण कवचाचा सुकामेवा, सोयाबीन आणि ग्लुटेनयुक्त धान्यं यांचा ॲलर्जीचा इशारा वेगळा छापणं बंधनकारक आहे. हरभरा त्या यादीत नाही. तो घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत शोधावा लागतो, आणि गाडीवरच्या प्लेटला तर लेबलच नसतं. माझ्या मते आपल्या देशाच्या यादीत हरभऱ्याला जागा असायलाच हवी.

४. वांगं, अळू आणि आंब्याचा चीक

घरोघरी सर्वांत बदनाम भाजी वांग्याची. या बदनामीत थोडं तथ्य आहे. वांग्यात हिस्टामिन स्वतःच असतं, आणि काहींना वांग्याचं भरीत खाताना जिभेला, टाळूला चरचर होते ती त्यामुळेही होत असावी. म्हैसूरच्या संशोधकांनी वांग्यावर बरंच काम केलं आहे. त्यांना वांग्याची खरी, आयजीईमुळे होणारी ॲलर्जी असलेली माणसंही आढळली. पण वांग्यातल्या हिस्टामिनमुळे कातडीवरची चाचणी फसवी सकारात्मक येऊ शकते, हेही त्यांनीच दाखवलं. मुद्दा असा की पाच मिनिटं जीभ चरचरणं वेगळं आणि महिनाभर पाठीला खाज असणं वेगळं. पहिल्याशी वांग्याचा संबंध असू शकतो, दुसऱ्याशी जवळजवळ कधीच नसतो.

अळू आणि सुरण यांनी घसा खवखवतो तो ॲलर्जीने नव्हेच. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे सूक्ष्म स्फटिक असतात, ते टोचतात. ते कुणालाही टोचतील. अळूवडीत चिंच किंवा आमसूल घालण्याची आणि नीट शिजवण्याची आपल्या घरांतली जुनी रीत याच त्रासावरचा तोडगा आहे. मासा नीट थंड ठेवला नाही तर त्यात हिस्टामिन साठतं, आणि मग तो खाणाऱ्या सगळ्यांनाच तोंड लाल होऊन खाज सुटते. पंगतीत एकालाच झालं की अनेकांना, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

आंब्याची गोष्ट आणखी निराळी. देठाचा चीक ओठांना लागला की दोन दिवसांनी तिथे फोड येतात, खाज सुटते. विदर्भात बिबा उतणं सगळ्यांना माहीत आहे. आंबा, बिबा आणि काजू एकाच कुळातले, आणि त्यांच्या चिकात, टरफलांत कातडीला डिवचणारी एकमेकांशी नातं असलेली रसायनं असतात. ही स्पर्शाची ॲलर्जी. ती आयजीईची नाही, म्हणून तिला मिनिटं लागत नाहीत, दिवस लागतात. देठाकडचा भाग कापून, धुऊन, साल काढून आंबा खाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना काहीच होत नाही. केसांचा डाय, टिकलीचा गोंद, खोट्या दागिन्यांतलं निकेल यांनी होणारी खाजही याच जातीची. तिथे खाजेची जागाच कारण सांगते. कपाळाच्या मधोमध एक गोल चट्टा असेल तर ताटात शोधायची गरज नाही.

५. कातडी काय सांगते

घड्याळानंतर कातडी. पहिला प्रश्न, अंगावर काही उठतं का? उठत असेल तर ते कसं दिसतं?

गांध उठली की तिच्याभोवती बॉलपेनने गोल काढा आणि वेळ लिहा. चोवीस तासांच्या आत ती गांध मागे डाग न ठेवता गेली आणि दुसरीकडे नवी उठली, तर ते पित्त. अशा गांधी सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ जवळजवळ रोज येत असतील, तर त्याला जुनाट पित्त म्हणतात, आणि त्यामागे अन्न क्वचितच असतं. बहुतेकांच्या बाबतीत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मास्ट पेशींना डिवचत असते. पट्ट्याखालचा दाब, थंडी, घाम, दुखण्याच्या गोळ्या यांनी ते वाढतं. त्याचा उपचार म्हणजे झोप न आणणारी अँटिहिस्टामिनची गोळी नेमाने घेणं. खाज आली की घ्यायची आणि थांबली की सोडायची, असं नाही. गरज पडली तर डॉक्टर तिचं प्रमाण वाढवतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा चालून आल्यावर, तिखट रस्सा खाल्ल्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक गांधी उठणारे लोक असतात. ते मसाल्याला दोष देतात. खरं कारण घाम आणि अंगाची वाढलेली उष्णता. हीच माणसं जिने चढली तरी तेच होतं, आणि तोच त्यांचा पुरावा.

रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज वाढते, आणि घरातल्या आणखी कुणालाही ती आहे? मग बोटांच्या बेचक्या उजेडात धरून बघा. मनगटाची आतली बाजू, बेंबीभोवती, कमरेची शिवण, काखा. तिथे काही मिलिमीटर लांबीची, राखाडी, नागमोडी रेघ आणि तिच्या टोकाला बारीकसा ठिपका दिसला, तर ती खरूज. त्या रेघेत किडीची मादी अंडी घालत पुढे सरकत असते. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून कुणापासून लागली ते आठवत नाही आणि संशय जेवणावर जातो. खरूज पथ्याने जात नाही. पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळव्यांपर्यंत रात्रभर, घरातल्या प्रत्येकाने एकाच दिवशी लावायचं, आठवड्याने पुन्हा लावायचं, आणि कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायच्या. एकानेच लावलं तर ती घरात फिरत राहते.

कडेने उंच, मध्ये साफ होत जाणारा गोल चट्टा जांघेत किंवा कमरेला असेल, तर नायटा. त्यावर औषधाच्या दुकानातून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली की दोन दिवस खाज थांबते आणि नायटा आतल्या आत पसरतो. पुढे तो ओळखूही येत नाही. २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले, तरी सवय अजून गेलेली नाही. लहान मुलांच्या पायांवर उठणाऱ्या खाजऱ्या पुळ्या बहुधा किड्यांच्या चाव्याच्या असतात, आणि नागपुरात कूलरच्या टाकीतलं साचलेलं पाणी हे डासांचं हक्काचं घर आहे. डिसेंबर-जानेवारीत म्हाताऱ्या माणसांच्या नडग्यांना सुटणारी खाज कोरड्या कातडीची. कडक पाण्याने अंघोळ आणि साबण कमी करून, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन चोळलं, तर आठवडाभरात फरक दिसतो.

६. अंगावर काहीच नाही, तरी खाज

हा भाग मी जास्त गांभीर्याने सांगतो, कारण इथेच पथ्यापायी सर्वांत जास्त वेळ वाया जातो. अंगावर खाजवल्याच्या ओरखड्यांशिवाय काहीच नाही, तरी सहा आठवड्यांहून अधिक काळ अंगभर खाज आहे. अन्नाच्या ॲलर्जीत असं सहसा होत नाही, कारण हिस्टामिन सुटलं की गांध दिसतेच. इथे शरीराच्या आत बघावं लागतं. लोहाची कमतरता, थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार, पित्तनलिकेत अडथळा आणि त्याने येणारी कावीळ, काही औषधं, आणि क्वचित रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग. रक्तातल्या पेशींची मोजणी, फेरिटिन, यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, थायरॉइड, साखर या साध्या तपासण्यांतून बरंच कळतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे, तिथून ही सुरुवात करता येते. वजन उतरणं, रात्री घामाने कपडे भिजणं, गळ्यात-काखेत गाठ यांतलं काही जोडीला असेल तर थांबू नये. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना तीव्र खाज सुटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. यकृतातला पित्तप्रवाह मंदावल्याने असं होऊ शकतं, आणि त्याचा बाळाला धोका असतो.

७. वहीतली चार घरं

घड्याळ आणि कातडी बघूनही एखाद्या पदार्थावरचा संशय उरला, तर वही काढा. काय खाल्लं, त्यात काय होतं, किती वाजता, खाज किती वाजता, त्या दिवशी कुठली गोळी, किती श्रम, बाईंच्या बाबतीत पाळी. चार आठवडे पुरतात.

नंतर त्या नोंदी चार घरांत वाटायच्या. खाल्लं आणि खाजलं. खाल्लं आणि नाही खाजलं. नाही खाल्लं, तरी खाजलं. नाही खाल्लं, नाही खाजलं. आपली स्मरणशक्ती फक्त पहिलं घर जपते, बाकीची तीन विसरते, आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

समजा एका बाईंनी २८ दिवसांत ८ दिवस वांगं खाल्लं. त्यांतल्या ४ दिवशी खाज आली. चार वेळा झालं म्हणजे वांगंच, असं कुणालाही वाटेल. आता उरलेले २० दिवस बघा. वांगं न खाताही १० दिवशी खाज आली. वांग्याच्या दिवशी निम्म्या वेळा, बिनवांग्याच्या दिवशीही निम्म्या वेळा. वांग्याचा संबंध नाही. दुसऱ्या एका तरुणाच्या वहीत हरभरा ९ दिवशी आहे, आणि नऊच्या नऊ वेळा तासाभरात खाज आणि गांधी. हरभरा नसलेल्या १९ दिवशी एकदाही नाही. या तरुणाने पुन्हा खाऊन बघायच्या फंदात न पडता वही घेऊन थेट डॉक्टरांकडे जावं. खरं तर नऊ वेळाही थांबायला नको, असं दोनदा झालं तरी पुरे.

८. रिपोर्टमध्ये नाव आलं म्हणजे

आता तपासण्या. मुद्दाम इतक्या उशिरा, कारण तपासणी ही आधी ठरलेल्या संशयाची करायची असते.

कातडीवरची चाचणी अशी होते. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात. प्रत्येक खुणेशी एका पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवतात. शिवाय एक थेंब हिस्टामिनचा आणि एक साध्या मिठाच्या पाण्याचा. थेंबातून बारीक टोकाने कातडी किंचित टोचतात, रक्त येत नाही. थेंब टिपून पंधरा-वीस मिनिटं थांबतात. हिस्टामिनच्या जागी गांध उठायलाच हवी, पाण्याच्या जागी उठता कामा नये. मग पट्टीने मोजतात. पाण्याच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा अधिक मोठी गांध म्हणजे चाचणी सकारात्मक. अँटिहिस्टामिनच्या गोळ्या त्याआधी साधारण आठवडाभर, डॉक्टरांना विचारून, बंद कराव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटं ‘नाही’ सांगते. रक्तातलं आयजीई मोजण्यासाठी मात्र गोळी बंद करावी लागत नाही.

या चाचण्यांचं ‘नाही’ बऱ्यापैकी भरवशाचं असतं. ‘हो’ मात्र तसं नसतं. कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर भागातल्या प्रौढांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात निदान एका खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं. पण आयजीईही आहे आणि तो पदार्थ खाल्ल्यावर त्रासही होतो, अशी माणसं फक्त १.२ टक्के होती. हजार माणसं धरली तर २६५ जणांचे रिपोर्ट सकारात्मक, आणि ॲलर्जीची शक्यता असलेले १२. उरलेले २५३ जण तो पदार्थ खुशाल खात होते. मतदार यादीत नाव असलं म्हणून माणसाने मत दिलंच असं होत नाही, तसंच हे. रक्तात आयजीई असणं म्हणजे यादीत नाव असणं, एवढंच.

म्हणून शंभर-दोनशे पदार्थांच्या एकगठ्ठा ‘पॅनेल’चा मोह टाळावा. काही हजार रुपये घालवून घरी तीस पदार्थांची लाल यादी येते आणि पथ्याला अधिकृत शिक्का मिळतो. त्यातही आयजीईऐवजी आयजीजी हे दुसरंच प्रतिपिंड मोजणाऱ्या चाचण्या तर या कामासाठी निरुपयोगी आहेत. अन्नाविरुद्धचं आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आला आहात, याची नोंद. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी ती करू नये असं स्पष्ट सांगितलं. रोज पोळी खाणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये गहू लाल दिसला तर त्यात नवल नाही.

९. खाऊन बघणं आणि ताटात परत आणणं

शेवटचा निकाल खाऊनच लागतो. त्रास सौम्य असेल, म्हणजे थोडी खाज किंवा इसब, आणि श्वास, सूज, उलटी यांचा इतिहास नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एकच संशयित पदार्थ दोन ते तीन आठवडे पूर्ण बंद करायचा. एका वेळी एकच, कारण पाच पदार्थ एकदम सोडले आणि बरं वाटलं, तर कशामुळे ते कधीच कळत नाही. मग तो परत सुरू करायचा. बंद करून बरं वाटणं हा अर्धा पुरावा, परत खाल्ल्यावर पुन्हा होणं हा उरलेला अर्धा. बहुतेक घरांत हा दुसरा अर्धा भाग केलाच जात नाही. खाज आपोआप कमी झालेली असते आणि श्रेय पथ्याला मिळतं.

त्रास मोठा झाला असेल तर हे घरी करायचं नाही. रुग्णालयात, ॲड्रिनलिन हाताशी ठेवून, चिमूटभरापासून सुरुवात करून दर पंधरा-तीस मिनिटांनी प्रमाण वाढवत नेतात आणि नंतर काही तास नजरेखाली ठेवतात. शंका उरली तर पदार्थ दुसऱ्या खाण्यात लपवून देतात.

लहान मुलांच्या बाबतीत एक धोका वेगळा सांगायला हवा. इसब असलेल्या मुलाचं दूध किंवा अंडं महिनोनमहिने बंद ठेवलं, तर शरीराची त्या पदार्थाची सवय सुटू शकते, आणि पुन्हा दिल्यावर आधी नव्हती अशी झटपट, तीव्र ॲलर्जी दिसू शकते. म्हणून मुलाचं पथ्य तारीख ठरवून सुरू करावं आणि तारीख ठरवूनच तपासावं. दूध-अंड्याची खरी ॲलर्जी असलेली बरीच मुलं मोठी होता होता तिच्यातून बाहेर पडतात, त्यामुळे डॉक्टर अधूनमधून फेरतपासणी करतात. चाचणी निर्धोक पार पडली, तर तो पदार्थ त्याच आठवड्यात ताटात परत यावा आणि नियमाने येत राहावा.